भंगारातून घेतलेली ॲल्युमिनियमची होडी, तळ गळतोय, बजेट १५ हजार (वडोदरा)

मुजमहुड्याचा:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मागच्या महिन्यात भंगारवाल्याकडे एक जुनी ॲल्युमिनियमची होडी पालथी पडलेली दिसली, १२ फुटी, सपाट तळाची, सगळी रिवेटवर (पत्रे जोडायला ठोकून चेपलेल्या धातूच्या खिळ्यांवर) जोडलेली. तो दुसऱ्या दिवशी कापून वितळवायला देणार होता. मी वजनावर घेतली, ६२ किलो भरली, साडेनऊ हजार दिले आणि छोटा हत्तीत टाकून घरी आणली.

घ्यायला दोन कारणं. एक म्हणजे बाबा. रिटायर झाल्यापासून दर रविवारी सिंधरोटला महीच्या काठावर गळ टाकून बसतात आणि दरवेळी म्हणतात, मासा तिकडे मधल्या धारेला आहे आणि आपण इथे काठावर. दुसरं म्हणजे ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, आम्ही वर अडकलो, फ्रिज खाली पाण्यात, आईचं इन्शुलिन फ्रिजमध्ये, शेवटी शेजारच्या सोसायटीतली पोरं टायरच्या ट्यूबवर फळी बांधून नवीन इन्शुलिन घेऊन आली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की गल्लीत एक होडी पाहिजेच.

आता अवस्था सांगतो. मागची उभी बाजू, जिथे मोटर लावतात, तिथलं लाकूड कुजून चहाच्या चोथ्यासारखं झालंय, स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत जातो. तळाला कोणीतरी डांबर फासलंय. होज पाईपने आत पाणी सोडलं तर दहा-बारा जागी ठिबकतं आणि एके ठिकाणी बोटभर चीर आहे. सीटखालचा फोम पिवळा पडलाय, दाबला की पाणी येतं. खिशात १५ हजार, त्यातच लाईफ जॅकेटही बसवायची आहेत. मकरपुरा जीआयडीसीत एकाला फोटो दाखवले तर तो म्हणाला पूर्ण तळ वेल्डिंग करून देतो, १८ हजार. त्याच्याच बाजूचा म्हातारा कारागीर म्हणाला, "भाई, आ पतरामां वेल्डिंग नहीं टके." कोणाचं ऐकू? आणि रंग कुठला मारू, बाबांना हिरवी हवीय.

पत्रेवाले काका:
म्हाताऱ्याचं ऐका. मी बसच्या बॉडीचं काम आयुष्यभर केलंय, ॲल्युमिनियम हातातून खूप गेलंय म्हणून सांगतो. हा धातू ६६० डिग्रीला वितळतो पण त्याच्यावर ऑक्साईडची जी पातळ साय धरलेली असते ती २००० च्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे खालचं पाणी होऊन गळतं आणि वरची साय तशीच राहते. ती फोडायला एसी टिग (TIG) वेल्डिंगचं मशीन लागतं आणि पत्रा आरशासारखा साफ लागतो. तुमच्या तळाला डांबर, आतल्या खड्ड्यांत वर्षानुवर्षांचा चिखल-तेल, दीड-पावणेदोन मिलीचा पत्रा, त्यावर उष्णता दिली की पत्रा वाकणार आणि शेजारचे धड रिवेटही ढिले होणार. एक गळती बुजवाल आणि चार उघडाल.

तुमच्या होडीत पत्रा गळत नाहीये, रिवेट गळतायत. त्यातले निम्मे तरी नुसते ढिले असतील, त्यांना परत ठोकून घट्ट करता येतं आणि त्याला पैसा लागत नाही, दोन माणसं लागतात. एकाने आतून रिवेटच्या चेपलेल्या टोकावर जड लोखंडी ठोकळा गच्च दाबून धरायचा, आम्ही त्याला डॉली म्हणतो, दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर हातोडीचे दोन-तीन नेमके घाव घालायचे. घाव बसला की आवाज बदलतो. ढिला रिवेट भद्द वाजतो, बसलेला टणक वाजतो. जे याने बसणार नाहीत ते ड्रिलने काढून एक साईझ मोठे मारा. पण साधे पॉप रिवेट पाण्याखाली अजिबात नकोत, त्यांच्या मधून आरपार भोक असतं आणि आत लोखंडाची दांडी अडकून राहते ती गंजते. बंद तोंडाचे सील्ड पॉप रिवेट मागून घ्या, पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून मारा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही आणि नंतर दुसरं काही चिकटतही नाही.

चिरेच्या दोन्ही टोकांना आधी ३ मिलीचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे सरकत राहील. मग वरून ठिगळ, कोपरे गोल केलेले, खाली सीलंट, इंच-इंचावर रिवेट. ठिगळाला ५०५२ नंबरचा पत्रा मागा, दुकानदार भांड्याचा मऊ पत्रा काढून देईल तो घेऊ नका.

मुजमहुड्याचा:
काका खूप आभार, वेल्डिंग कॅन्सल. एक विचारायचं राहिलं, डांबर काढायला शेजारचे म्हणतायत कॉस्टिक सोडा गरम पाण्यात घालून ओता, अर्ध्या तासात चकाचक. करू का?

पत्रेवाले काका:
नाही नाही, अजिबात नाही!! आणलं असेल तर परत करा. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, अक्षरशः फेसाळून खातो आणि वर हायड्रोजन सोडतो, बंद पडवीत तो ठिणगीने पेट घेईल. घरात जर्मनच्या पातेल्यात सोडा पडला की ते काळं पडतं ना, तेच हे, फक्त शंभरपट. संडास साफ करायचं ॲसिडही नको. रॉकेल किंवा टर्पेंटाईनने भिजवा, फडकं गुंडाळून रात्रभर ठेवा आणि लाकडी पट्टीने खरवडा. वेळ जाईल पण पत्रा राहील. ब्रश वापरायचाच तर स्टेनलेसचा, साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून खड्डे पडतात.

चांदोदवाली:
मी लाकडाबद्दल लिहिते, आमचं प्लायवुडचं दुकान आहे आणि माझ्या मामांची नर्मदेत होडी होती, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे. मागची फळी हाच खरा खर्च आहे, तिथे काटकसर करू नका दादा. जुनं लाकूड फेकू नका, त्याचाच साचा ठेवा आणि जाडी मोजा, बहुतेक दीड इंच निघेल. १९ मिलीच्या दोन प्लाय एकमेकींना इपॉक्सीने चिकटवून तेवढी होते. आयएस ७१० छाप बघून घ्या, तो मरीन ग्रेड. ३०३ हा घरातल्या फर्निचरचा, तो चालणार नाही.

आता यातली मेख, जी मला मामांमुळे कळली. मरीन प्लायला कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं असतं आणि त्यात तांब्याचे क्षार असू शकतात. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं. मामांनी छान नवी प्लाय उघडीच बसवली आणि तिसऱ्या वर्षी पत्र्याला मागून पांढरी पावडर आणि टाचणीएवढी भोकं. म्हणून कापून झाल्यावर सगळ्या बाजूंनी, विशेष करून कडांना, पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या. बोल्टची भोकं आधी मोठी पाडा, इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातून खरं भोक पाडा म्हणजे लाकडाला पाणी कुठूनच शिवणार नाही. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचा वॉशर आणि सीलंट. पितळी स्क्रू नकोत.

आणि एक छोटी गोष्ट. पाणी उपसायला घरातला तांब्याचा तांब्या होडीत टाकून ठेवू नका, प्लास्टिकचा मग ठेवा. मामांच्या होडीत एक जुना तांब्याचा पैसा फटीत पडून राहिला होता, साठलेल्या पाण्यात. पैसा काढला तर खाली बरोब्बर पैशाच्या आकाराचा खड्डा.

फाजलपूरचा गळवाला:
रंगाचं मी सांगतो. आतून रंगवलीच नाही तरी चालेल, ॲल्युमिनियम स्वतःच स्वतःची साय धरतं आणि गोड्या पाण्यात ती पुरते. बाहेरून बाबांसाठी हिरवा मारायचाच असेल तर घासून झाल्यावर त्याच दिवशी एच प्रायमर (etch primer, धातूला घट्ट धरणारा पहिला हात) मारा, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर साय परत जाड होते आणि वर्षभरात रंग पापड्यांसारखा सुटतो. समुद्रातल्या होड्यांना तळाला जो शेवाळ न धरणारा रंग मारतात त्यात बऱ्याचदा तांबं असतं, तो कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. तुमची होडी पाण्यात राहणारच नाही, रविवारी उतरवणार आणि संध्याकाळी घरी, तिला त्याची गरजही नाही.

गळती शोधायला होज नको. होडी लाकडी ओंडक्यांवर चढवा, ओंडके बरोब्बर आतल्या आडव्या पट्ट्यांच्या खाली आले पाहिजेत, आणि आत चार इंच पाणी भरा. जास्त नको, एवढंच साडेतीनशे-चारशे किलो होतं, आधार चुकला तर तळच बसेल. मग खाली झोपून टॉर्चने बघा आणि प्रत्येक थेंबाला मार्करने गोल करा. तासभर थांबा, काही रिवेट पाऊण तासाने पाझरायला लागतात.

आणि मही असो की विश्वामित्री, मगर दोन्हीकडे आहे. हात पाण्यात लोंबकळत ठेवायचा नाही आणि मासे साफ करायचे ते घरी. मासेमारीच्या परवान्याचं जिल्हा मत्स्य खात्यात विचारून घ्या, आणि होडीच्या नोंदणीचंही, २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात वल्ह्याच्या होड्यांसाठीही वेगळं प्रकरण आहे.

हरणी रोडची ताई:
मला फक्त फोम आणि जॅकेटबद्दल बोलायचंय. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात होडी उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. मी त्याच भागात राहते, तो संध्याकाळचा ॲम्ब्युलन्सचा आवाज मला आजही ऐकू येतो. म्हणून हात जोडून सांगते, १५ हजारातून सगळ्यात आधी जॅकेटचे पैसे बाजूला काढा, जेवढी माणसं तेवढी, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे, आणि उरलेल्यात होडी बसवा. रंग दिवाळीनंतरही मारता येईल.

ओला फोम पूर्ण काढा, तो आता तरंगवत नाही, उलट बुडवतो. नवा ओतायचा फोम महाग पडतो. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या वापरल्या होत्या, झाकणं सीलंटने बंद करून. हिशोब सोपा आहे, एक लिटर हवा पाण्याखाली साधारण एक किलो उचलते. तुमची होडी ६२ किलोची, पण ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असल्याने बुडालेल्या अवस्थेत तिचं वजन साधारण ३९ किलोच भरतं. सीटखाली अशा ५० बाटल्या बसल्या तर जवळपास १०० किलोचा आधार, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी तळाला जाणार नाही आणि धरायला काहीतरी राहील. बाटल्या दोन्ही कडांना वर बसवा, तळाशी नको, तळाशी बसवल्या तर भरलेली होडी उलटी होते.

पुरात वापरायची म्हणताय तर ती साचलेल्या पाण्यात, गल्लीतल्या गल्लीत, दोरी बांधून. नदीच्या ओढीत १२ फुटी होडी नेऊ नका, आणि लाईट बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय खांबांजवळून तर नाहीच.

मुजमहुड्याचा:
मंडळी, पाच आठवडे झाले, सगळं सांगायचं होतं म्हणून थांबलो होतो. पहिले सव्वापाच हजार ताईंच्या म्हणण्याप्रमाणे तीन जॅकेटना गेले. डांबर काढायला चार रविवार लागले, रॉकेलच्या वासाने आईने पडवीतच येणं सोडलं होतं, पण खालचा पत्रा निघाला तेव्हा बाबा नुसता हात फिरवत बसले होते.

पाणी भरल्यावर १९ गोल झाले. पाऊण तासाने आणखी ३, गळवाल्या भाऊंनी सांगितलं नसतं तर ते सुटलेच असते. डॉली म्हणून जुन्या ट्रकच्या स्प्रिंगचा तुकडा मिळाला. बाबा आत उकिडवे बसून तो धरून, मी खाली. पहिल्या पाच-सहा रिवेटना मला काही कळत नव्हतं, मग एकदम तो आवाज ऐकू आला, काकांनी लिहिला तसाच, भद्दचा टणक झाला आणि आतून बाबा ओरडले, "बसला!" ते काही तोंडाने सांगता येत नाही. १४ असे बसले, ८ नवीन मारले.

प्लाय, इपॉक्सी, पत्र्याचा तुकडा, सीलंट, बोल्ट, रिवेट सगळं मिळून ८,४०० झाले. बाटल्या सोसायटीत लग्न होतं तिथून ५६ गोळा झाल्या, फुकट. रंग अजून नाही.

काल परत पाणी भरलं. सगळं कोरडं, फक्त एकच पाझरतोय, डावीकडच्या तिसऱ्या पट्टीखालचा, तासाला दोन-तीन थेंब. त्यावर वरून सीलंट लावून भागेल का? येत्या रविवारी सिंधरोटला न्यायची म्हणतोय.

पत्रेवाले काका:
नाही भागणार, वरून लावलेलं पाण्याच्या दाबाने सुटतं. काढा आणि मोठा मारा, वीस मिनिटांचं काम आहे. मग सीलंटला नीट वाळू द्या, घाई नको, त्याच्या पुढच्या रविवारी न्या. बाबांना माझा नमस्कार सांगा.

मुजमहुड्याचा:
काढतो. पुढचा रविवार पक्का.