डिसेंबरच्या जंगल मुक्कामासाठी जागा कोणती? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव, सदनिका 203
सर्व सभासदांना नमस्कार. डिसेंबरमधील दोन दिवसांच्या जंगल सहलीसाठी आतापर्यंत 23 नावे आली असून त्यांत सात मुले आणि साठी ओलांडलेली पाच मंडळी आहेत. तंबूत राहायचे, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. कोठे राहायचे, यावर मात्र तीन गट पडले आहेत. ताडोब्याची मोहर्ली, पेंचची सिल्लारी आणि नागझिरा यांपैकी एक जागा येत्या आठवड्यात नक्की करावयाची आहे. तोपर्यंत या विषयाखेरीज अन्य संदेश, विशेषतः सुप्रभातची फुले, कृपया टाकू नयेत.

सदनिका 402
आम्हा तरुण मंडळींचे म्हणणे असे आहे की रिसॉर्टवर पैसे घालण्यापेक्षा आपल्याकडचे चार तंबू घेऊन थेट राष्ट्रीय उद्यानात, एखाद्या तळ्याच्या काठी मुक्काम करावा. रात्री शेकोटी पेटवावी, सकाळी पाण्यावर येणारी जनावरे पाहावीत आणि खर्चही वाचवावा. वाघ दिसण्याच्या दृष्टीने ताडोबाच घ्यावा.

सदनिका 101
बाळा, कल्पना चांगली आहे. मात्र ती अमलात आणलीस तर आपला मुक्काम तंबूत न होता वनपरिक्षेत्र कार्यालयात होईल. मी वनखात्यात लेखापाल होतो, त्यामुळे वाघांपेक्षा व्हाउचरेच जास्त पाहिली. पण जंगलाजवळच्या कार्यालयांत इतकी वर्षे काढल्यावर काही गोष्टी कळतातच. राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, परवानगीशिवाय प्रवेश करणे आणि आग लावणे हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हे आहेत. आपल्याला आत जाता येते ते सफारीच्या वाहनातून, ठरलेल्या वेळात आणि ठरलेल्या रस्त्याने. तंबू लावायचा तो प्रवेशद्वाराबाहेर, गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या किंवा गावाच्या हद्दीतल्या परवानाधारक जागेत. त्यामुळे आपल्यापुढचा खरा प्रश्न कोणते जंगल हा नसून कोणत्या प्रवेशद्वाराबाहेरची कोणती जमीन, हा आहे.

तळ्याच्या काठाविषयीही सांगतो. जनावरे पाण्यावर येतात ती ठरलेल्या पायवाटांनी येतात, आणि आपण तंबू ठोकला की त्या वाटेवरच बसतो. कायदा बाजूला ठेवला तरी ती जागा मला नको.

आता तिन्ही जागांकडे वळतो. ताडोबा हे राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचे, आणि वाघासाठी त्याची ख्याती आहे हे मान्यच आहे. परंतु मोहर्लीचे अंतर नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या घरात जाते. मुले आणि ज्येष्ठ बरोबर असताना चहा, नाश्ता आणि उलट्या धरून साडेतीन तास तरी मोजावेत. मंगळवारी ताडोबा बंद असतो, हेही लक्षात असू द्यावे. नागझिरा नागपूरपासून साकोलीमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि माझ्या मनात त्याची जागा सर्वांत वरची आहे. तळ्याकाठची जुनी विश्रामगृहे तर विजेविना असण्यामुळेच नावाजली गेली. पण ते अभयारण्य आहे, आतल्या खोल्या मोजक्या आहेत, आणि 23 जणांना एकाच दिवशी तेथे जागा मिळणे अवघड आहे. सिल्लारी सत्तरएक किलोमीटरवर आहे. मनसर सोडल्यावर पवनीहून डावीकडे वळले की आलेच.

सदनिका 304
काकांच्या बोलण्यात मी थोडी भर घालते. दोन वर्षांपूर्वी आपल्यातलीच काही कुटुंबे एका खासगी कॅम्पवर गेली होती. त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही. छायाचित्रांत ती जागा हिरवीगार दिसत होती, ती का, हे तेथे गेल्यावर कळले. ते तुरीच्या शेताला लागून असलेले काळ्या मातीचे सपाट वावर होते. संध्याकाळी तंबूंच्या खुंट्या सहज आत गेल्या म्हणून सगळे खूश झाले. रात्री दोनच्या सुमारास अवकाळी पाऊस आला, आणि जितक्या सहज त्या आत गेल्या होत्या तितक्याच सहज बाहेर आल्या. ओले कापड अंगावर आले, मुले रडू लागली, आणि बाहेर पाय टाकावा तर चपलेला पोळीएवढा चिखल चिकटून चप्पल जागच्या जागी राहत होती. सकाळी बस काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला. चाळीस माणसांना दोन स्वच्छतागृहे होती आणि छतावरची पाण्याची टाकी सहा वाजताच रिकामी झाली होती. हे शेवटचे वाक्य मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण जागा ठरवणारे बहुधा पुरुष असतात आणि टाकी रिकामी झाल्याचे सर्वांत आधी आम्हाला कळते.

म्हणून माझी विनंती अशी की वाघ किती दिसतात याआधी जमीन कोणती आहे, पाणी कोठून येते आणि स्वच्छतागृह तंबूपासून किती पावलांवर आहे, हे कोणीतरी स्वतः जाऊन पाहावे.

सदनिका 302
काकूंशी मी पूर्णपणे सहमत आहे. डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगतो. 2018 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली होती, ती अनेकांच्या लक्षात असेल. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कीटकाच्या अळीच्या चाव्यातून हा आजार होतो. पावसाळा संपता संपता त्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे ऑक्टोबरऐवजी डिसेंबर निवडला हे बरे झाले; तरीही कमरेएवढ्या गवतातली जागा घेऊ नये आणि गवतावर नुसती सतरंजी टाकून लोळू नये. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला आणि अंगावर कोठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना जंगलात राहून आल्याचे आवर्जून सांगावे. वेळेत निदान झाले तर साध्या प्रतिजैविकाने हा आजार आटोक्यात येतो. निदानास उशीर झाला तर मात्र जिवावर बेततो.

दुसरी गोष्ट मण्यार या सापाची आहे. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, म्हणूनच तो घातक ठरतो. थंडीत सापांचा वावर कमी असतो, पण तंबूची चेन कायम बंद ठेवणे आणि सकाळी बूट झटकून घालणे यांत तडजोड नको. ज्येष्ठांनी तंबूत न झोपता पक्क्या खोलीत, खाटेवर झोपावे. सिल्लारीच्या बाजूला देवलापारचे ग्रामीण रुग्णालय आहे, हा मुद्दाही मी तिच्या बाजूने धरतो.

सदनिका 402
काकू, डॉक्टरसाहेब, आपले म्हणणे पटले, आणि ताडोब्याचा आग्रह आम्ही मागे घेतो. मात्र सिल्लारी ठरत असेल तर एक विनंती आहे. महाराष्ट्राच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली असून त्याच परिसरातील वाघोडा येथे आकाशदर्शनासाठी वेधशाळाही उभारलेली आहे. नागपुरात गच्चीवरून मोजून पंधरा-वीस तारे दिसतात. मुलांनी एकदा तरी खरा अंधार पाहावा, या हेतूने मार्गशीर्ष अमावस्येच्या लगतचा शनिवार निवडावा, आणि जागा अशी पाहावी की जेथे शेजारच्या रिसॉर्टचे दिवे आणि डीजे पोहोचत नाहीत.

सदनिका 305
अमावस्येला लहान मुलांना जंगलात न्यायचे, हे माझ्या सासूबाईंना सांगण्याची जबाबदारी कोणी घेत असेल तर माझी हरकत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचे उद्यापन तोपर्यंत झालेले असेल, त्यामुळे सावजी रश्श्याचा प्रश्न मात्र आपोआप सुटेल.

सदनिका 302
वहिनी, सासूबाईंशी मी बोलतो; त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मीच लिहून देतो, त्यामुळे त्या माझे ऐकतील.

सदनिका 101
सर्वांना कळवितो की काल मी आणि 402 चा मुलगा असे दोघे सिल्लारी परिसरात जाऊन तीन जागा प्रत्यक्ष पाहून आलो.

पहिली जागा महामार्गाला जवळ होती. जनावरांना ओलांडता यावे म्हणून पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग 44 खाली लांबलचक भुयारी वाटा सोडलेल्या आहेत, त्यांतली सर्वांत मोठी 750 मीटरची आहे. रस्ता मात्र रात्रभर वाहतो आणि ट्रकांचा आवाज अंथरुणापर्यंत येईल, असे दुपारीच जाणवले. ती जागा तेथल्या तेथे सोडली.

दुसरी जागा पाहताच मुलगा हरखला. कोरड्या नाल्याच्या काठी मोहाच्या तीन जुन्या झाडांची गार सावली, पायाखाली स्वच्छ वाळू. मी त्याला नाल्याच्या काठावरच्या झुडपांत, माझ्या खांद्याच्या उंचीवर अडकलेला काडीकचरा दाखविला. पाणी तेथपर्यंत चढते, आणि अवकाळी पाऊस डोंगरात पडला तरी तो इकडे आपल्याला दिसत नाही. मोहाविषयी सांगायचे तर डिसेंबरात त्याला फुले नसतात, त्यामुळे आपल्याला धोका नाही. मार्च-एप्रिलमध्ये मात्र फुले खायला अस्वल येते आणि फुले वेचायला पहाटे माणसेही येतात, म्हणून उन्हाळ्यात कोणी जाणार असेल तर मोहाखाली तंबू अजिबात लावू नये.

तिसरी जागा दिसायला साधी आहे. गावाच्या हद्दीत, थोड्या उंचवट्यावर मुरमाड जमीन आहे, भोवती कुंपण आहे आणि गवत आखूड कापलेले आहे. मी विहिरीवरून एक बादली पाणी आणून ओतले, तर ते क्षणात जिरले. खुंटी ठोकायला दगडाचे आठ घाव घालावे लागले. काकूंना हे ऐकून समाधान वाटावे. स्वच्छतागृहे चार आहेत, तंबूंच्या ओळीपासून चाळीस पावलांवर, आणि टाकी भरायला मोटार आहे. वीज गेली तर काय, असे विचारल्यावर मालकाने हातपंप दाखविला, तो मी स्वतः हापसून पाहिला. ज्येष्ठांसाठी खाटांसह दोन पक्क्या खोल्या मिळतील. एका ऐनाच्या झाडाची वाळकी फांदी नेमकी तंबूंच्या जागेवर आली होती. ती आधी उतरवून द्यावी, अशी अट मी घातली आणि मालकाने ती मान्य केली. लहान मुलांनी रात्री स्वच्छतागृहाकडे एकटे जाऊ नये, मोठ्या माणसाबरोबर आणि बोलत जावे, कारण गावालगत वाघापेक्षा बिबट्याची शक्यता जास्त असते.

शेकोटीसाठी मालक मोकळी जागा द्यायला तयार होता. मी नको म्हणालो. आसपास सागाचे वाळके पान भरपूर आहे. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात हे खरे असले, तरी ठिणगी तारीख पाहत नाही. कडाक्याची थंडी असेल तर घमेल्यात निखारे घेऊन ओसरीवर बसू. ज्यांना तारे पाहायचे आहेत त्यांनी तर जाळापासून दूरच राहावे, कारण अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एकदा जाळाकडे पाहिले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सचिव, सदनिका 203
काका, आपले मनःपूर्वक आभार. कोणाचीही हरकत आलेली नसल्यामुळे तिसरी जागा आणि मार्गशीर्ष अमावस्येच्या लगतचा शनिवार निश्चित करीत आहोत. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, त्यामुळे रविवार सकाळच्या सफारीसाठी चार जिप्सी लागतील. आरक्षणात ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच मूळ ओळखपत्र प्रवेशद्वारावर दाखवावे लागते. मागील वेळी एका सभासदास त्याअभावी बाहेर थांबावे लागले होते, याची आठवण ते स्वतःच सर्वांना करून देतील. प्रत्येक कुटुंबाने टॉर्चवर लावण्यासाठी लाल जिलेटीन कागद आणावा, म्हणजे आकाश पाहताना डोळे दिपणार नाहीत.

सदनिका 402
आमच्या तंबूंच्या खुंट्या आज मोजल्या. 40 पैकी 31 सापडल्या आणि त्याही अॅल्युमिनियमच्या आहेत; काकांनी दाखविलेल्या मुरमात त्या वाकतील असे वाटते. काका, बांधकामाच्या सळईचे वीतभर तुकडे करून आणले तर चालतील का?

सदनिका 101
चालतील, पण वीतभर नकोत, हातभर आण. आणि वरचे टोक वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घे, म्हणजे दोरी निसटणार नाही आणि अंधारात कोणाच्या पायात सळई घुसणार नाही.