चिपळूण–कराडसाठी जुनी, साधी गाडी सुचवा (बजेट सव्वा लाख, स्क्रीन नको)

खेर्डीकर
नमस्कार मंडळी. बाबांसाठी (वय ६८) जुनी गाडी बघतोय. महिन्याला ४०० किमी, त्यात दोनदा कुंभार्ली घाट चढून कराड, बाकी गावातला बाजारहाट. किल्ली फिरवली की चालू, हँडल फिरवलं की काच खाली, एवढंच हवं. टचस्क्रीन, बीपबीप, अपडेट काही नको. इथल्या मेस्त्रीला पान्यानं उघडता यावी. बजेट कागदपत्रं, टायर सगळं धरून सव्वा लाख. मारुती ८००, झेन की सँट्रो झिंग? आणि बघताना नेमकं काय बघू?

पाना_१०_१२
८००, पण एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल देणारी). ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बॉनेट उघडलं की हात कुठंही पोचतो. जानेवारी २०१४ला उत्पादन थांबलं, पण क्लच प्लेट, ब्रेक शू, फॅन बेल्ट अजून तालुक्याच्या दुकानात मिळतात.
इंजिन गार असताना जा. मालकानं आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. ऑइलचं झाकण उघडून आत बघा. ताकावर येतो तसा पांढरट फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरत असण्याची शंका, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. स्टार्टला निळा धूर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, ते परवडतं. चढावर रेस दिल्यावर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. चहा पिऊन परत या. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. घरघरत राहिलं तर प्लेट संपली. स्टिअरिंग पूर्ण कापून गोल फिरवताना कट-कट आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट.

सहा_एअरबॅग
घाट आणि ६८ वर्षांचे वडील, आणि तुम्ही ८०० सुचवताय? २०१४ला ग्लोबल एनकॅप या अपघात-चाचणी घेणाऱ्या संस्थेनं अल्टो ८००ला शून्य तारे दिले, ही तर त्याहून जुनी. थोडं ताणा, पाच-साडेपाच लाखांत नवी मिळते. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक), एअरबॅगा सगळं.

पाना_१०_१२
सव्वाचे साडेपाच म्हणजे थोडं?

कार्ब्युरेटर_काका
एमपीएफआयलाही कॉम्प्युटर असतोच, मग साधी कसली? खरी साधी म्हणजे कार्बची (कार्ब्युरेटरची) झेन. ९९३ सीसी, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, घाटात ८००ला विचारतही नाही. माझी अजून ठणठणीत आहे. जेट फुंकायचं, फ्लोट बघायचा, प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवायचा, झालं.

वायरिंगवाला
काका, फरक कॉम्प्युटर आहे की नाही यात नाही. जुन्या एमपीएफआयमध्ये एकच डबा, तो इंजिनापुरता. काच, दिवे, मीटर यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे बिघाड जिथला तिथं राहतो. नव्या गाड्यांत सगळे डबे एकाच जाळ्यावर. बॅटरी जराशी बसली, स्टार्टला व्होल्टेज पडलं की स्टिअरिंग, एबीएस, टायर प्रेशर सगळ्यांचे दिवे एकदम लागतात आणि माणूस सेन्सर बदलत सुटतो. आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासायचं असतं. मीटर बदला, किल्ली हरवा, कोडिंगशिवाय गाडी हलत नाही.
काही शेवटच्या मारुतींतही चिपवाली किल्ली आहे. दोन्ही किल्ल्या मागा आणि दोन्हीनं गाडी चालू करून बघा.
कार्ब आता घेऊ नका. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये जुने रबरी पाइप, कार्बचे गॅस्केट फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल ओल ओढतं. महिनाभर उभी राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसतं. एमपीएफआय घेतली तरी टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप इथेनॉल चालणारे टाका, फिल्टर बदला.

कार्ब्युरेटर_काका
आमच्या वेळी पेट्रोलमध्ये पेट्रोल असायचं.

मिसळप्रेमी
८०० +१. इंजिन गार असताना बघा.

पत्रा_ठोक
इंजिन इंजिन काय करताय, ते बदलता येतं. कोकणात पत्रा बघा! बॅटरीच्या ट्रेखाली, दाराखालचा उंबरा, स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या सस्पेन्शनचा वरचा बेस. शेवटचा गंजला असेल तर फुकट दिली तरी नको. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा, चिकटला नाही तिथं पुट्टी.
आणि चिपळूणची गाडी असेल तर २२ जुलै २०२१च्या पुरात होती का, हे विचारू नका, बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाळाची आडवी रेघ तिथं राहते, कारण तेवढा पट्टा कोणी धूत नाही. कार्पेट उचला, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. घाटावरची गाडी मिळाली तर उत्तम.

आरटीओ_वारीकर
खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. कारची फी १५ वर्षांनंतर ५,००० आणि ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००, वर पर्यावरण कर. झेनचं उत्पादन २००६लाच संपलं, म्हणजे काकांची झेन सव्वा लाखात हिशोबात बसवून बघा. विमा थर्ड पार्टी जून २०२२च्या दरानं १००० सीसीच्या आत २,०९४, वर ३,४१६, जीएसटी असेल तो वेगळा. सँट्रो १०८६ सीसी, म्हणून दुसऱ्या गटात.
मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सही करून, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. एम-परिवहन अ‍ॅपवर कर्जाचा बोजा आणि चलन आधी बघा. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) लावलीय का तेही.

सँट्रोधारक
बाबांना पॉवर स्टिअरिंग लागेल हे कोणी बोलतच नाही. ८००ला ते नाही. सँट्रो घ्या, फक्त टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही आधी टाका; तुटला तर व्हॉल्व्ह वाकायची भीती. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, ३२१६ म्हणजे २०१६चा ३२वा आठवडा. नक्षी कितीही असो, तो टायर भंगार.

मिसळप्रेमी
सँट्रोही +१.

सहा_एअरबॅग
पुन्हा सांगतो, ब्रेक आणि एबीएस.

पाना_१०_१२
ब्रेकबद्दल बरोबर आहे. घाटाआधी ब्रेक ऑइल बदला, जुन्यात ओल धरलेली असते आणि उतारावर उकळलं की पेडल खाली जातं. रेडिएटरच्या फॅनचा स्विचही तपासा. गाडी उभी ठेवून तापू द्या, काटा मध्याच्या वर गेला आणि फॅन लागला नाही तर तिथंच कळतं.

खेर्डीकर
सर्वांचे आभार, सीटबेल्टची युक्ती दोन गाड्यांना लावली, दोन्ही बाद. शेवटी कराडची ओम्नी घेतली. २०१२ची, पाच सीटर, ९५ हजार. बाबांचा गुडघा सरकत्या दारानं सुटला, आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतात हे मी वर लिहायला विसरलो.

कार्ब्युरेटर_काका
एवढं टंकून ओम्नी!!

सहा_एअरबॅग
अपघातात पहिला जाईल तो गुडघाच. असो.

पाना_१०_१२
आता घेतलीच आहे तर ऐका. मागची चाकं ओढणारी गाडी, रिकामी असताना मागं हलकी. ओल्या घाटात उतरताना एकदम खालचा गिअर टाकू नका, मागचं सरकतं. दुसरा आधीच धरून उतरा. इंजिन पुढच्या सीटखाली आहे, झाकणाचं रबर नवं बसवा, नाहीतर कराड येईस्तोवर पुढं बसणाऱ्याच्या मांड्या भाजतील.

मिसळप्रेमी
ओम्नी +१. पेट्या कुठल्या, हापूस?