कुत्र्याला घरचं शिजवून घालायचंय, प्रमाण सांगा (सांगली)

विश्रामबागवाला:
नमस्कार मंडळी. आमचा राजा चार वर्षांचा, गावठी आणि कारवानची मिसळ. वजन २० किलो, नसबंदी झालेली. विकतच्या खाद्याची पिशवी दर महिन्याला परवडत नाही, आणि आईचं एकच पालुपद, "त्या कोरड्या गोळ्या काय घालतोस त्याला." म्हणून सध्या सकाळी दूध-चपाती आणि रात्री आमच्यातलंच कालवण-भात. गोचीड औषधानं गेले, तरी अंगाला खाज आहे आणि केस राठ झालेत. आता रीतसर घरीच शिजवायचं ठरवलंय. चिकन, भात, भाजी एवढं कळतं, प्रमाण कळत नाही. दुसरं म्हणजे सासरवाडी तासगावची, त्यामुळं घरात बेदाण्याचा डबा कधी रिकामा नसतो. 'बस', 'थांब' शिकवताना बक्षीस म्हणून दोन-दोन दाणे द्यायचा विचार आहे. चालेल ना?

आटपाडीचा_गडी:
एवढं काय डोकं लावताय राव. आमच्या मेंढरांमागची कुत्री भाकरी-ताकावर वाढली. भाकरी कुस्करा, वर ताक ओता, झालं जेवण.

सावळजच्या_वहिनी:
आधी बेदाण्याचं, बाकी सगळं नंतर. एक दाणाही देऊ नका. आमच्या गावचाच माल आहे, त्याच्याशी माझं काही वैर नाही, पण द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. किती खाल्लं की बाधतं याचा नेम नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन हिंडतं, दुसरं थोडक्यात आडवं होतं. शेडवर सांडलेलं खाणारी कुत्री ठणठणीत आहेत असं सांगणारे शंभर भेटतील. जे कुत्रं मेलं त्याचा बेदाण्याशी संबंध कुणी लावलेलाच नसतो. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याच्या मुळाशी असावं असं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी मांडलं. ते आम्ल चिंचेतही असतं, म्हणून चिंचेची आमटीही नको. चुकून बेदाणे खाल्लेच तर उलटी-जुलाबाची वाट बघत बसू नका, तडक डॉक्टरांकडं न्या. बक्षीस द्यायचं तर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे करा, त्यासाठी तो बसेलच काय, लोळेल.

दुसरं, ताटातलं कालवण बंद. बाकी मुलखात चालत असेल, आपल्या सांगली-साताऱ्यात नाही, कारण आपल्याकडं कांदा-लसूण मसाल्याशिवाय कालवणाला कालवण म्हणत नाहीत. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून किंवा वाळवून तो गुण जात नाही. एका वाटीनं काही दिसत नाही, म्हणूनच माणसं रोज घालत राहतात.

आता पातेलं. माझं कुत्रंही तुमच्या राजाएवढंच आहे. त्याच्या दिवसाला पाव किलो चिकन (हाड काढून, वजन कच्चं असतानाचं), ३० ग्रॅम कलेजी, १२० ग्रॅम तांदूळ, एक अंडं, शंभरेक ग्रॅम लाल भोपळा-गाजर आणि एक मोठा चमचा तेल. मीठ-मसाला काही नाही. सगळं मिळून हजारेक कॅलरी होतात, नसबंदी झालेल्या २० किलोच्या कुत्र्याला साधारण तेवढंच लागतं. दोन वेळात वाटून घालते. कलेजी आवडते म्हणून वाढवू नका, अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं. तांदळाऐवजी ज्वारीची भाकरी चालते.

आणि ज्यावर सगळ्यांची गाडी घसरते ते म्हणजे हाड. कोल्हा-लांडगा शिकार खातो तेव्हा हाडासकट खातो. आपण नुसतं मांस घालतो. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. असं महिनोन्महिने चाललं की शरीर स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम ओढायला लागतं. म्हणून शिजलेलं हाड घालायचं का? मुळीच नाही, ते चिरफळतं आणि घशात-आतड्यात रुततं. अंड्याची टरफलं घ्या. दहा मिनिटं उकळा, वाळवा, तव्यावर कोरडी करा आणि मिक्सरला पिठासारखी बारीक करा. एका अंड्याच्या टरफलात दोनेक ग्रॅम कॅल्शियम असतं. वरच्या पातेल्याला चहाचा अर्धा ते पाऊण सपाट चमचा पूड बास.

एवढं करूनही जेवण पुरं होत नाही, हे मुद्दाम सांगते. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी घरगुती खाद्याच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी गरजेची गोष्ट कमी निघाली. चिकन-भातात जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. जस्त कमी पडलं तर कातडी आणि केसांवर दिसतं. राजाची खाज त्यामुळंच आहे असं मी म्हणणार नाही, खरूज किंवा बुरशीही असेल, कातडी खरवडून तपासून घ्या. पण डॉक्टरांकडं जाताना रोजचं खाणं ग्रॅममध्ये लिहून न्या आणि त्याला जोडून कुत्र्यांसाठीची खनिज-जीवनसत्त्वाची पावडर कोणती व किती, ते विचारा. गाई-म्हशींचं मिनरल मिक्स्चर गोठ्यात पडलंय म्हणून ते घालू नका.

आटपाडीच्या भाऊंना एवढंच, तुमची कुत्री नुसत्या भाकरीवर नव्हती. मेंढरं व्याली की वार कोण खात होतं? उंदीर, घुशी, मेलेलं करडू? भाकरी तुम्ही घालत होता, बाकीचं ती बघून घेत होती. फ्लॅटातल्या राजाला ती सोय नाही.

आटपाडीचा_गडी:
वहिनी, मानलं. सशांचं तेवढं राहिलं तुमच्या यादीत.

वाईकर_७७:
वहिनींचं बाकी पटलं, पण लसणाचं नाही. रोज एक पाकळी दिली की गोचीड लागत नाहीत, आमच्या वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या देतात. हळदही घालावी, सांगलीची असेल तर उत्तमच.

सावळजच्या_वहिनी:
हळद चिमूटभर घाला, रंग येईल, बिघडणार काही नाही. त्यानं खाज जाईल अशी आशा मात्र ठेवू नका. लसणाचं म्हणाल तर गोचिडाला मारणारी गोळी आणि अंगावर टाकायचं औषध मिळतंय, मग रक्ताशी खेळ कशाला?

शिरवळ_रोड:
मी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुत्रं दाखवायला नेलं होतं. सातारा बाजूच्या लोकांना तो पर्याय आहे. एक भर घालतो, वरचं प्रमाण मोठ्या कुत्र्याचं आहे. पिल्लाला आणि गाभण कुत्रीला हे चालणार नाही, त्यांचं कॅल्शियमचं गणित वेगळं असतं.

विश्रामबागवाला:
सगळ्यांचे आभार. बेदाण्याचा डबा वरच्या फळीवर गेला. खाणं एकदम बदलू की हळूहळू? दूध बंदच करू का? आणि हा प्रश्न बायकोचा आहे, टरफलं घरच्याच मिक्सरात वाटायची का?

सावळजच्या_वहिनी:
आठ-दहा दिवसांत बदला. आधी जुन्यात पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण. शी पातळ झाली तर तिथंच दोन दिवस थांबा. दुधानं पोट बिघडत असेल तर बंद करा, त्याऐवजी चमचाभर आंबट नसलेलं दही चालतं. महिन्यानं वजन करा आणि बरगड्यांवरून हात फिरवा. हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येता कामा नयेत. कारवानचं रक्त आहे म्हणता, तर शेवटच्या दोन-तीन बरगड्या जराशा दिसल्या तरी घाबरू नका, ती जातच सडपातळ.

मिक्सरला चटणीचं छोटं भांडं लावा. त्यात आदल्या दिवशी लसणाची चटणी वाटली असेल तर आधी घासून घ्या. आणि वहिनींना सांगा, पूड उडते, झाकण लगेच उघडू नका.