सहा माणसांच्या घराला सोलरची टाकी किती लिटरची घ्यावी?

द्राक्षबाग (नाशिक)
नमस्कार. गंगापूर रोडच्या पुढे आमच्या दुमजली घराचे काम प्लास्टरपर्यंत आले असून गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवायचा आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा अशी सहा माणसे आहेत. विक्रेत्याने "माणशी ५० लिटर धरा" असे सांगून ३०० लिटरची टाकी सुचवली. दीर म्हणतात की त्यांच्याकडे चौघांना १०० लिटर पुरून उरते, तेव्हा आम्हाला १५० पुष्कळ झाले. सासरे सव्वापाचला स्नान करतात आणि बाकीच्यांची गर्दी साडेसहा ते आठ या वेळात होते. मुलगी शॉवर घेते, इतर सर्व जण बादलीवर. इकडचा जानेवारी आपणांस ठाऊक आहेच. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी येते, त्या दिवसांत आमच्याही टाकीचे पाणी हाताला झोंबते. पाणी बोअरचे असून चहाच्या भांड्यावर पांढरा थर धरतो. टाकीचा आकार ठरवताना नेमका हिशेब कसा करावा, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकृत होईन.

विसण (निवृत्त यांत्रिकी अभियंता, कोल्हापूर)
ताई, टाकीवर लिहिलेले लिटर आणि बादलीत पडणारे लिटर यांत विसणाचा, म्हणजे कढत पाण्यात मिसळायच्या गार पाण्याचा, फरक असतो, आणि तुमचे दीर व विक्रेता या दोघांनीही तो सोडून दिलेला दिसतो. आमच्याकडे बंबातले कढत पाणी घंगाळात काढून त्यात विसण घालत, तेव्हा बंब किती जणांना पुरेल हे आई पाण्यात बोट बुडवून सांगत असे. आपण तेच आकड्यांत मांडू.

अंगावर घेण्याजोगे पाणी साधारण ४० अंशांचे असते. नाशिकच्या थंडीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे १५ अंशांचे धरा, आणि संध्याकाळी ६० अंशांवर असलेले सोलरचे पाणी रात्रभरात ५५ वर आले असे माना. १५ वरून ४० पर्यंत २५ अंश चढायचे आहेत आणि गरम व गार पाण्यातले अंतर ४० अंशांचे आहे, म्हणजे प्रत्येक बादलीत पाच-अष्टमांश पाणी सोलरचे लागेल. बादली २० लिटरची असली तरी ती काठोकाठ कोणी भरत नाही, म्हणून १६ लिटर धरू. पाच जणांच्या प्रत्येकी दीड बादलीचे १२० लिटर झाले. कन्येचा शॉवर मिनिटाला ९ लिटरच्या आसपास पाणी सोडत असेल आणि ती आठ मिनिटे त्याखाली उभी राहत असेल, तर एकटीचे ७२ लिटर झाले, म्हणजे तीन माणसांचे स्नान! एकूण १९२ लिटर, आणि त्यात सोलरचे १२०.

मात्र १२० लिटरची टाकी पुरणार नाही. गरम पाणी वरून निघते तसे गार पाणी खालून शिरते, आणि आडव्या टाकीत ते लवकर मिसळते, म्हणून टाकीचा तीन-चतुर्थांश भागच कामाचा समजावा. त्या हिशेबाने १६० लिटर होतात. रविवारची न्हाणी, स्वयंपाकघरातली भांडी आणि नळीतली नासाडी धरून २०० लिटरची टाकी मला योग्य वाटते. हाच हिशेब मे महिन्याचा केला, म्हणजे विसणाचे पाणी २८ अंशांचे आणि सोलरचे ७० अंशांचे धरले, तर बादलीत जेमतेम पाच लिटर गरम पाणी लागते. दिरांचे १०० लिटर पुरून उरतात ते बहुधा याच दिवसांत.

एक सावधगिरी. सपाट पत्र्याच्या पद्धतीत १०० लिटरला सुमारे २ चौरस मीटर कलेक्टर, म्हणजे उन्हात पाणी तापवणारा पत्रा, लागतो. कोणी कलेक्टर तेवढाच ठेवून नुसती टाकी मोठी देऊ लागला, तर ती स्वस्त पडली तरी घेऊ नका. पाणी अधिक होईल पण कोमट राहील.

सातारकर
आम्ही पाच जण असून, पाहुण्यांचा विचार करून, ३०० लिटरचा काचनळ्यांचा संच घेतला. पाहुणे वर्षातून दोनदा येतात. एप्रिल-मेमध्ये मात्र पाणी वापरले जात नाही, ते उकळू लागते, आणि हवेच्या नळीतून वाफ व पाणी गच्चीवर सांडत राहते, म्हणून दर उन्हाळ्यात निम्म्या नळ्यांवर गोणपाट बांधावे लागते. एकदा वरची पाण्याची टाकी दुपारी रिकामी झाली, सोलरही कोरडा पडला, आणि पाणी येताच तापलेल्या नळ्यांपैकी तीन तडकल्या. पावसाळ्यातही या मोठ्या आकाराचा उपयोग झाला नाही, कारण आठवडाभर ऊनच नसेल तर ३०० लिटरही गारच राहतात. जून ते सप्टेंबरसाठी विजेची सोय करावीच लागते, तेव्हा ती आधीच गृहीत धरून टाकी निवडावी.

पाना-पक्कड (प्लंबिंग ठेकेदार, पुणे)
वरील हिशेब बरोबर आहे, परंतु पाणी न पुरल्याच्या ज्या तक्रारी मी पाहतो त्यांतल्या बऱ्याच टाकीच्या नसून नळीच्या असतात. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) नळीत मीटरला पाव लिटर पाणी मावते. सव्वापाचचे स्नान झाल्यावर नळीतले गरम पाणी तिथेच निवते, आणि साडेसहाला तोटी उघडणारा ते ओतून देतो. म्हणून न्हाणीघरे एकावर एक असतील तर नळी सरळ खाली उतरवा, गरम नळीवर फोमचे वेष्टण चढवा आणि प्लास्टरपूर्वीच हे करून घ्या. गरम पाण्याला साधी यूपीव्हीसी नळी कदापि वापरू नये. ती ६० अंशांच्या आसपास मऊ पडते.

विजेची कॉइल सोलरच्या टाकीत बसवू नये, असे माझे मत आहे. २०० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर नेण्यास सुमारे ७ युनिट लागतात, आणि दोघांच्या स्नानासाठीही सगळी टाकी तापवावी लागते. त्याऐवजी खालच्या न्हाणीघरात १५ लिटरचा गिझर सोलरच्या ओळीत, म्हणजे सोलरचे पाणी त्यातूनच पुढे जाईल असा, जोडा. पाणी गरम आले तर थर्मोस्टॅट वीज सुरूच करणार नाही, आणि नळीतले निवलेले पाणी गिझरमध्ये जाऊन वाया जाणार नाही. उन्हाळ्यात सोलरचे पाणी ७० अंशांच्या वर जाते, ते गिझरला चालते की नाही हे घेतानाच विचारून बगलेने जाणारी एक नळी व व्हॉल्व्ह ठेवावा. बोअरचे पाणी क्षारांचे असल्याने काचनळ्यांचा संच, किंवा सपाट पत्रा हवा असल्यास हीट एक्स्चेंजर (बोअरचे पाणी पत्र्याच्या नळ्यांत न जाता बाहेरूनच तापेल अशी सोय) असलेला, असा पर्याय पाहा. अन्यथा पत्र्यातल्या तांब्याच्या बारीक नळ्या काही वर्षांत चोंदतील.

द्राक्षबाग
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज पहाटे सहाला स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन गच्चीवर गेले, तर पाणी १६ अंशांचे निघाले. बादलीही लिटरच्या मापाने भरून पाहिली. आम्ही भरतो तिथपर्यंत १५ लिटर मावतात. शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट मोजले तेव्हा ११ लिटर भरले, तेव्हा कन्येशी बोलणी चालू आहेत. खालच्या न्हाणीघरापर्यंत नळी २२ मीटर होते, म्हणजे साडेपाच लिटर, आणि तिथेच सासरे पहाटे स्नान करतात, म्हणून १५ लिटरचा गिझर तिथे नक्की केला आहे.

टाकी २०० लिटरचीच घेत आहोत. मात्र मोजमाप करताना एक चूक ध्यानात आली: गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून उंच हवा, आणि आमचा चौथरा जवळजवळ दोन फूट कमी पडतो. गवंड्याला गिलावा थांबवायला सांगितले असून उद्या तो चौथरा वाढवायला येत आहे.