‘मिसरूड’ हा शब्द हिणवण्याचाच आहे का?

नंदुरबारची आई
९ सप्टेंबरच्या भाषणात माझ्या आठवीतल्या मुलाने लिहिलं, ‘शिरीषकुमारला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं.’ १९४२ मध्ये आमच्या गावात तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात तो गेला. जन्म डिसेंबर १९२६ चा, म्हणजे सोळावंही पुरं नव्हतं. शाळेत वाक्य लाल शाईने खोडलं. म्हणे हुतात्म्यासाठी हा शब्द शोभत नाही, ‘लहान वयात’ लिही. मुलगा हिरमुसला. माझी आजी मात्र शेजारचा पोरगा भरतीला निघाला तेव्हा डोळ्यांना पदर लावून म्हणाली होती, ‘पोऱ्याले आजून मिसरूड बी फुटेल नही.’ त्यात हिणवणं कुठे होतं?

अमळनेरचा निवृत्त मराठी शिक्षक
ताई, वाक्य अजिबात खोडू देऊ नका. मिसरूड म्हणजे वरच्या ओठावर पहिल्यांदा उमटणारी कोवळी मिशी. नुसती लव मुलींच्याही गालावर असते, तिला मिसरूड म्हणत नाहीत. क्रियापद बघा. मिशी आपण ठेवतो, राखतो, कोरतो, तिला पीळ देतो. मिसरूड मात्र फुटतं, जशी पालवी फुटते, उसाला डोळा फुटतो. माणसाच्या हातात त्यातलं काही नसतं. ‘मिसरूड फुटलं नाही अन् मला शिकवतो’ असं रागावूनही म्हणतात, म्हणून तुमच्या शाळेत गैरसमज झाला असावा. राग असो की माया, ती बोलणाऱ्याची असते. शब्द फक्त वय सांगतो. आणि ‘लहान वयात’ म्हटल्यावर पाच वर्षांचं मूलही डोळ्यांपुढे येतं, मिसरूड म्हटलं की बालपण आणि तारुण्य यांतला तो उंबरठाच दिसतो.

चोपड्याचा सलूनवाला
सर बोलले ते खरं आहे. एकदा वस्तरा लागला की पुन्हा येतात ते खुंट, मिसरूड नाही. पोरगं पहिल्यांदा खुर्चीत बसतं तेव्हा मी बापाला विचारतो, ‘काढू का राहू देऊ?’ बरेच बाप थोडा वेळ बोलतच नाहीत.

नंदुरबारची आई
दोघांचंही मुलाला वाचून दाखवलं. वाक्य त्याने परत घातलंय, उद्या वही घेऊन मीच शाळेत जाते. सर, तो विचारतोय, ‘मिसरूडाची’ की ‘मिसरुडाची’?

अमळनेरचा निवृत्त मराठी शिक्षक
मिसरुडाची. प्रत्यय लागला की रु ऱ्हस्व.