१९७१ ची एमजीबी: चार पिस्टनवाले कॅलिपर टाकू का?

लेस्टरकर
नमस्कार मंडळी, माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, सर्व्हो (पेडल हलकं करणारा बूस्टर) नाही, सिंगल सर्किट (चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच लाइन), तारांची चाकं. रविवारी पीक डिस्ट्रिक्टला विनॅट्स पासचा उतार उतरताना जळका वास यायला लागला, पेडल मऊ पडलं आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, शेजारी बायको होती तिने तर दरवाजाचं हँडलच धरून ठेवलं. आता पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) आणि मागचे ड्रम काढून डिस्क असा सगळा किट घ्यायचा विचार चाललाय. कुणी केलंय का? पैसे घालायची तयारी आहे, पण उपयोग व्हायला हवा.

पाना_पक्कड
दादा, किट मागवायची घाई करू नका. डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक बहुतेक ठीक आहे आणि उजवाच नीट धरत नाहीये, बरेच जण इथे उलट समजतात आणि चांगलाच कॅलिपर उघडून बसतात. उजव्या बाजूचा पिस्टन गंजून अडकला असेल नाहीतर रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आतून फुगून बंद झाला असेल, बाहेरून तो नवाकोरा दिसतो.
आणि पेडल मऊ पडलं ते ऑइल उकळल्यामुळे. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) ताजं असताना २३० डिग्रीच्या पुढे टिकतं, पण ते हवेतलं पाणी ओढत राहतं आणि मग १५५ च्या आसपासही उकळू शकतं, वाफ झाली की पेडल खाली जाणारच. दोन वर्षांनी बदलायचंच. शेवटचं कधी बदललंत?
मागच्या ड्रमला बॅकप्लेटवर चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर आहे, चाक अडकेपर्यंत आवळा आणि मग चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक खटका सैल करा, एवढ्यानेही पेडल बरंच वर येतं. आणि तसल्या उतारावर गिअर खालचाच ठेवा हो.

बर्मिंगहॅमचा बापू
माझ्या एमजीबी जीटीला (छतवाली) चार पिस्टनचे टाकलेत, छान आहेत, पण तारांच्या चाकात बसतात का ते आधी मोजून घ्या नाहीतर कॅलिपर आतून चाकाला घासतो. मागच्या डिस्कच्या नादी मी तरी लागणार नाही, ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागच्यांना काम कमीच असतं आणि ते जास्त जोरात धरायला लागले तर ओल्या रस्त्यावर मागचं आधी लॉक होऊन गाडी फिरेल.
माझं विचाराल तर पैसा ड्युअल सर्किटवर (ऑइलच्या दोन वेगळ्या लाइन) घाला. तुमच्या गाडीत एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, हातात फक्त हँडब्रेक. अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबींना १९६८ पासून ड्युअल होतं, आपल्या उजव्या स्टिअरिंगवाल्यांना फार उशिरा मिळालं. काम मोठं आहे, मास्टर सिलिंडरबरोबर (पेडलने ऑइल दाबणारा) पेडल बॉक्सचंही (पेडल बसवलेला डबा) बघावं लागतं, पण मुलं गाडीत बसणार असतील तर मी हेच करीन. सर्व्होने पाय हलका होतो, चांगल्या ब्रेकचं थांबायचं अंतर काही कमी होत नाही. आणि काहीही बदललंत तरी इन्शुरन्सवाल्यांना कळवा.

लेस्टरकर
शनिवारी उघडली. उजवा होज काढून उभा कापला तर आतलं रबर इतकं फुगलेलं की भोकातून सुतळीही जाईना! ऑइल चहासारखं काळपट. तिन्ही होज, ऑइल, पॅड नवे टाकले, ड्रम आवळले, आता सरळ थांबते. किट रद्द. बापू, पेडल बॉक्सचे फोटो असतील तर टाका ना, हिवाळ्यात ड्युअलचं काम काढतो.