बदली की पर्यायी? पेन्शनच्या कागदातला एक शब्द

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. एका भाषांतरात अडलोय, मदत हवी आहे.

बेळगावात ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफच्या १९९५ च्या योजनेची, पेन्शन घेणाऱ्यांची आमची महिन्यातून एकदा बैठक होते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, साखर कारखान्यात, सूतगिरणीत आयुष्य काढलेली माणसं. २०१४ च्या सप्टेंबरात किमान पेन्शन हजार रुपये ठरली आणि त्यानंतर तो आकडा वर्षानुवर्षं हलला नाही. गॅस, तेल, डाळ कुठच्या कुठे गेली. आपल्या या पेन्शनीला महागाईची जोडच नाही. दुसरीकडे ही जोड कशी असते आणि ती बदलायला गेल्यावर पेन्शनर कसे उभे राहिले, यावर मी चार पानांचं टिपण करतोय.

उदाहरण ब्रिटनचं घेतलंय. तिथं महागाई मोजायचे दोन निर्देशांक, जुना आरपीआय आणि नंतरचा सीपीआय. सरासरी काढायची रीत वेगळी असल्यामुळे सीपीआय बहुधा कमी येतो. सरकारनं २०११ पासून सरकारी पेन्शनी सीपीआयला जोडल्या, मग खासगी संस्थांनाही तेच हवं झालं. बर्नार्डोज नावाच्या धर्मादाय संस्थेच्या पेन्शन नियमात आरपीआय, 'किंवा विश्वस्तांनी स्वीकारलेला त्याचा रिप्लेसमेंट' असं होतं. संस्था म्हणाली, म्हणजे विश्वस्तांना आरपीआय सोडून सीपीआय घेता येतो. पेन्शनरांच्या बाजूनं मांडलं गेलं, की आरपीआय अजून दर महिन्याला प्रसिद्ध होतोय, तो अधिकृतपणे जाऊन दुसरा आला तरच सोडता येईल. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०१८ ला हाच दुसरा अर्थ धरला.

मी 'पर्यायी निर्देशांक' लिहून मोकळा झालो होतो. काल जेवताना बायकोला वाचून दाखवलं. ती तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. घास तसाच ठेवून म्हणाली, "मग संस्थाच जिंकायला पाहिजे होती की! पर्याय म्हणजे दोन्ही समोर असतात, हवा तो उचलावा." बरोबर धरलं तिनं. माझ्या एका शब्दानं निकालच उलटा झाला होता.

'बदली' सुचतंय, पण वाचणाऱ्याला मास्तरांची बदली आठवेल. काय लिहू?

खानापूरची लेक
काका, बदलीच लिहा. माझे आजोबा गोकाकच्या गिरणीत सुरुवातीची सहा वर्षं बदली कामगार होते. पहाटे भोंग्याला फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही, तरच आत बोलावणं. सगळे कायमचे आले की परत. आजी सांगायची, लांबूनच त्यांच्या हातातल्या भाकरीच्या फडक्याची गाठ बघायची. गाठ सुटलेली नसली की समजायचं, आज काम नाही.

न्यायालयानं वेगळं काय म्हटलं? जागेवरचा माणूस जागेवर आहे तोवर बदली आत जात नाही. तुमच्या बैठकीत गिरणीतले लोक असतील तर एका शब्दात खटला समजेल.

पुण्याचा भाषांतरकार
आजोबांची आठवण फार बोलकी आहे. पण लिखित मजकुरात 'बदली' चालणार नाही. एक तर नोकरीतली बदली हा अर्थ आता इतका घट्ट बसलाय की दुसरा आठवत नाही. दुसरं, बदली कामगार तात्पुरता असतो, कायमचा परत आला की त्याला जावं लागतं. नवा निर्देशांक तात्पुरता नसतो. मी 'प्रतिस्थापित निर्देशांक' म्हणेन. नेमका आहे आणि दुसरा अर्थ निघत नाही.

निपाणीकर
अर्थ निघत नाही हे खरंच, पण पहिला अर्थ तरी कुणाला कळणार? ती माणसं दिवसभर उन्हात बसून अर्ज लिहायलेत, त्यांच्यापुढं 'प्रतिस्थापित' वाचून दाखवा आणि तोंडं बघा. 'त्याच्या जागी आलेला निर्देशांक' लिहा, झालं. शब्द नसंल तर वाक्य करायचं. वाक्याला कुणी कर लावलेला नाही.

सीमाभागी मराठी
मला 'बदली' आणि 'पेन्शन' दोन्ही खुपतात. एक अरबी, एक इंग्रजी. आम्ही इथं मराठी कागदपत्रांसाठी, दुकानावरच्या पाटीसाठी पिढ्यान् पिढ्या झगडतोय. अर्ज मराठीत मिळावा म्हणून माझ्या वडिलांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. मग मराठीत मिळालेल्या चार पानांवर तरी 'निवृत्तिवेतन' असू दे. आपणच शब्द टाकून दिले तर दुसऱ्याला दोष कसा देणार?

जुना टपालवाला
तुमची कळकळ समजते, वडील माझेही त्याच पायऱ्यांवर होते. पण मी टपालात छत्तीस वर्षं काढली. खिडकीवर येणारी म्हातारी 'पिन्शन आली काय रे बाळा' असंच विचारायची. 'निवृत्तिवेतन' तिनं कधी उच्चारलं नाही आणि तिचं मराठीपण कुठे कमी झालं नाही.

तरी एका कारणानं मलाही 'निवृत्तिवेतन' आवडतो, त्यात 'वेतन' आहे म्हणून. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर १९८२ चा नकारा खटल्याचा निकाल प्रत्येक पेन्शनरानं वाचावा. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचा मागे राहिलेला मोबदला आहे, हे तिथं स्पष्ट झालं. 'पेन्शन' म्हटलं की लोकांना दान वाटतं, 'वेतन' म्हटलं की हक्क वाटतो.

आता तुमच्या शब्दाबद्दल. आपल्याकडे खरोखरची बदली झालेली आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात २००१ हे वर्ष पायाला धरलेली मालिका होती. २०२० च्या सप्टेंबरपासून ती जाऊन २०१६ ची आली. जुना आणि नवा आकडा जुळवायला २.८८ नं गुणायचं ठरलं. जुनी बंद, नवी तिच्या जागी, मधे सांधा. याला 'पर्याय' कुणीच म्हणणार नाही.

याच निर्देशांकाचं बेळगाव हे एक केंद्र आहे. आपल्या बाजारातल्या तांदळाचा, तेलाचा दर त्यात जातो. निर्देशांक कामगारांच्या नावाचा, त्यावर माझ्यासारख्या केंद्र सरकारी पेन्शनराची वाढ ठरते, आणि इथल्या फाउंड्रीतल्या कामगाराच्या पेन्शनीला त्यातला एक पैसा लागत नाही. टिपणात दुसरं काही राहिलं तरी चालेल, एवढं घालाच.

टिळकवाडीकर
घालतो. पहिल्या पानावरच घालतो. पण त्या वाढीला म्हणायचं काय? नोकरीत असताना 'महागाई भत्ता' हे ठीक. पेन्शनराला काय मिळतं?

जुना टपालवाला
आमच्या हिंदी आदेशात 'महंगाई राहत'. महाराष्ट्राच्या शासन निर्णयात 'महागाई वाढ'. हा शब्द मला पटत नाही. 'महागाई वाढ मंजूर' वाचलं की महागाईच वाढवायला मंजुरी दिल्यासारखं वाटतं. आपल्या कर्नाटकात कन्नडमध्ये 'तुट्टीभत्ये', 'तुट्टी' म्हणजे महाग. माझ्या शेजारच्या कन्नड वहिनी बाजारातून आल्या की पिशवी ठेवता ठेवता 'तुट्टी' म्हणतात आणि मला पुढचं काही विचारावं लागत नाही.

हिंडलगेकर
भत्ता, भत्ये आणि ताटातला भात ही सगळी एका घरची. संस्कृत 'भक्त' म्हणजे अन्न, शिजवलेला भात. भत्ता म्हणजे मुळात जेवणाची सोय. तो वाढवून मागणं म्हणजे भात मागणं आहे, चैन नाही.

आणि 'महाग' आला 'महार्घ' वरून. अर्घ म्हणजे मोल. त्याचा जोडीदार 'समर्घ', त्याचा झाला 'सवंग'. माझी आजी 'यंदा ज्वारी सवंग झाली' म्हणायची तेव्हा तिला आनंद व्हायचा. आज 'सवंग' फक्त विनोदाला आणि राजकारणाला लावतात. स्वस्ताई गेली आणि तिचा शब्दही नासला.

पुण्याचा भाषांतरकार
सुंदर. पण मूळ प्रश्न 'रिप्लेसमेंट'चा होता.

शहापूरकर
मूळ प्रश्नाला जोडूनच माझा एक आहे. माझी थोरली बहीण ब्रिटनमध्ये नर्स होती, निवृत्त झाल्यावर शहापुरात परतली. तिच्या नोकरीची पेन्शन दरवर्षी थोडी वाढते. तिथल्या सरकारची जी सर्वांना असते ती पेन्शन मात्र भारतात राहायला आल्यापासून आहे तेवढीच. अमेरिकेत राहिली असती तर वाढली असती. अशा लोकांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत दाद मागितली, २०१० मध्ये निकाल विरुद्ध गेला. दर एप्रिलला ती चष्मा लावून बँकेचा कागद दोनदा बघते, आणि घडी घालून ठेवून देते.

अशा पेन्शनीला लोक 'गोठवलेली पेन्शन' म्हणतात. कोरोनात केंद्रानं जानेवारी २०२० पासून दीड वर्ष महागाई भत्त्याची वाढ अडवली तेव्हाही पेपरात 'गोठवला' हेच. मला हा शब्द चुकीचा वाटतो. गोठलेलं पुन्हा वितळतं. २०२१ च्या जुलैत भत्ता १७ वरून २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांच्या वाढीचे पैसे मिळालेच नाहीत.

निपाणीकर
मग 'थिजली' म्हणा. तूप थिजतं, खोबरेल थिजतं.

हिंडलगेकर
थिजलेलं तर आणखी लवकर वितळतं हो. डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली की दहा मिनिटांत सुटते. गोठणं जास्त कडक. रक्त गोठतं.

खानापूरची लेक
डोळे थिजतात, ते मात्र परत सुटत नाहीत.

टिळकवाडीकर
मंडळी, छपाईला शनिवारी द्यायचंय. सध्या निपाणीकरांचं 'त्याच्या जागी आलेला' घेतलंय आणि शेजारी 'बदली' असं ठेवलंय.

पण टिपणाच्या शेवटच्या पानावर परत तेच कोडं आलंय. फेब्रुवारी २०३० पासून ब्रिटनमध्ये आरपीआय हे नाव तसंच ठेवून आतली मोजायची रीत सीपीआयच्या घराण्यातली करणार आहेत. बीटी, फोर्ड आणि मार्क्स अँड स्पेन्सर या कंपन्यांच्या पेन्शन विश्वस्तांनी याला आव्हान दिलं, २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. खटला जिंकून जो निर्देशांक लोकांनी राखला, तोच आतून दुसरा होणार. याला 'बदली' म्हणायचं का?

खानापूरची लेक
नाही. फाटकावर आजोबांचा बिल्ला दाखवून दुसराच माणूस आत गेला, असं आहे ते. गिरणीत त्याला काही शब्द असणार, पण विचारायला आजोबा नाहीत. गोकाकला आत्या आहे, तिला रविवारी फोन करते.

पुण्याचा भाषांतरकार
'अंतर्गत प्रतिस्थापन'.

सीमाभागी मराठी
'पालट' हा चांगला मराठी शब्द कुणालाच का आठवत नाही? पीकपालट, खांदेपालट. आणि शीर्षकात 'निवृत्तिवेतन' ठेवलं का, ते टिळकवाडीकरांनी अजून सांगितलेलं नाही.

निपाणीकर
खांदेपालटात माणूस तोच राहतोय की, बाजू बदलते. आणि रक्ताचं म्हणाल तर आमच्याकडं ते साकळतं, गोठत नाही.